साडूबुवांचं परराष्ट्र धोरण

पाश्चात्य राष्ट्रांवर माझ्या साडूंइतका मनापासून रागावलेला माणूस साऱ्या आखातात दुसरा झाला नसेल. तसे रागावणारे पुष्कळ असतात, पण ते चहा पिता पिता रागावतात आणि कप विसळून पालथा घातला की विसरून जातात. आमच्या साडूंचा राग पूर्णवेळ होता. सकाळी दाढी करताना तो अमेरिकेवर असे, साइटवर जाताना गाडीत फ्रान्सवर, आणि संध्याकाळी घरी येऊन पायमोजे काढेपर्यंत त्यात इंग्लंडची भर पडलेली असे. या राष्ट्रांचा अपराध एकच. घरी निवडणुका घेतात, स्वातंत्र्याच्या गप्पा मारतात, आणि बाहेर पडले की ज्याने आयुष्यात मतपेटी पाहिली नाही अशा सत्ताधीशाच्या गळ्यात गळा घालतात. "हुकूमशहाचं एक बरं असतं, साडूबुवा," ते मला म्हणत, "तो निदान सांगून हुकूमशाही करतो. हे लोक दोन्हीकडच्या पंगतीत जेवतात!"

ते माझे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. मूळचे लांज्याकडचे, मस्कतला एका बांधकाम कंपनीत इंजिनियर. मला इथे आणलं त्यांनीच, माझ्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकला त्यांनीच, आणि हमरिया भागात त्यांच्याच इमारतीत, त्यांच्या बरोबर खालच्या मजल्यावर घर बघून दिलं तेही त्यांनीच. त्यामुळे आमच्याकडे बातम्या लावायची कधी गरज पडली नाही. वर टीव्ही सुरू झाला की छतातून त्यांचा आवाज यायचा. कुठल्यातरी देशाचा परराष्ट्रमंत्री कुठल्यातरी विमानतळावर उतरलेला असायचा आणि आमचे साडू त्याला शुद्ध मराठीत फैलावर घ्यायचे. "आता हा मूल्यं काढणार बघा! काढली! आता हात मिळवणार... मिळवला! आता विमानांची ऑर्डर!" आवाजाच्या पट्टीवरून मंत्री कुठल्या देशाचा हे माझी बायको पोळ्या लाटता लाटता ओळखायची. फ्रेंच मंत्र्यासाठी त्यांची एक खास तारसप्तकातली जागा होती.

पण नुसतं ओरडण्यावर समाधान मानणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी बहिष्कार सुरू केला. पहिल्यांदा एका देशाचं चीज बंद झालं, कारण त्या देशाने कुठल्या तरी राजाला रणगाडे विकले होते. मग दुसऱ्या एकाची बिस्किटं गेली. मग दाढीची ब्लेडं, मग टूथपेस्ट. ते सुपरमार्केटमध्ये चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक डब्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचत उभे राहायचे. शेजारच्या रुवी भागातल्या एका दुकानातल्या मल्याळी मॅनेजरला वाटलं, हे नगरपालिकेतून मालाच्या तारखा तपासायला आले आहेत. त्याने घाईघाईने खुर्ची आणली, लस्सी मागवली आणि मागच्या बाजूने दोन पोरांकरवी शिळी पावाची पाकिटं हलवली. साडूंनी लस्सीचीही बाटली उलटी करून वाचली, ती ओमानची निघाली, म्हणून प्यायले.

सगळ्यात मोठा पेच सुट्टीवर भारतात जाताना येई. मोठी विमानं बनवणाऱ्या कंपन्या जगात दोनच, आणि दोन्ही गुन्हेगार पक्षाच्या. पायी जाणं शक्य नव्हतं. शेवटी त्यांनी तडजोड म्हणून विमानात बसायचं, पण विमानातलं जेवण नाकारायचं असं ठरवलं. मस्कत ते मुंबई ते हाताची घडी घालून, समोरच्या सीटकडे निषेधाने बघत बसायचे, आणि शेजारी आमच्या ताई दोन्ही ट्रे शांतपणे संपवायच्या. "त्यांच्या निषेधाने माझं पोट भरतं," असं त्या म्हणायच्या.

या सगळ्या गर्जनेत एक जागा मात्र अगदी मऊ होती. ज्या देशात आपण राहतो त्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत. दुसऱ्या कुणी काढला तर आधी उठून खिडकी लावत. दोन हजार अकरा साली सगळीकडेच लोक रस्त्यावर आले, इथे सोहारच्या चौकातही लोक जमले. त्या दिवशी साडू साइटवरून फार उशिरा घरी आले. ताईंनी काळजीने विचारलं, "काय झालं हो तिकडे?" ते म्हणाले, "ट्रॅफिक होता." आणि टीव्ही लावून दुसऱ्याच एका देशातल्या राजवाड्याशी संबंध ठेवल्याबद्दल अमेरिकेला झापू लागले. त्यांची मुलगी सई तेव्हा शाळेत होती. तिचं मराठी इथल्या सगळ्या मुलांसारखं चाचपडत चालणारं. एकदा जेवताना तिने विचारलं, "बाबा, पण आपण पण तर इथेच राहतो ना? मग आपण पण त्यांचे अलाय, म्हणजे मित्र, झालो का?" साडूंनी हातातला घास परत ताटात ठेवला. म्हणाले, "आपण नोकर माणसं, बाळा. नोकराला कुठे पर्याय असतो? राष्ट्राला असतो." "ओके," सई म्हणाली आणि वरणात लिंबू पिळू लागली. त्या उत्तरात मला त्या वेळी काही खटकलं नव्हतं. मीही नोकरच होतो.

त्यांच्या रागाचा हसून हसून आनंद घेणारा माणूस एकच, त्यांच्या कंपनीचे स्टोअरकीपर हमीदभाई. राजापूरच्या बाजूचे, दाढी मेंदीने लाल केलेली, बोलणं खाडीकाठचं. साडू अमेरिकेवर घसरले की ते मांडीवर थाप मारून म्हणायचे, "द्या, द्या, इंजिनेर साहेब! आज सोडू नका तेला!" एका सुट्टीला आम्ही सगळे रुस्ताकला गेलो होतो. किल्ला बघून झाडाखाली बसलो असताना दोन वयस्कर गोरी माणसं, नवरा-बायको, शेजारच्या कठड्यावर येऊन टेकली. साडूंच्या डोळ्यांत चमक आली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना खराखुरा पाश्चात्य मनुष्य, तोही निवांत बसलेला, तावडीत सापडला होता. ते उठले, आदबीने त्यांच्यापुढे उभे राहिले आणि तुमचं सरकार रणगाडे विकतं तेव्हा तुम्हाला झोप कशी लागते, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. बाई घाबरून नवऱ्याच्या दंडाला धरून बसल्या. म्हातारा म्हणाला, "माफ करा, पण आम्ही न्यूझीलंडचे. माझा मेंढ्यांचा व्यवसाय होता." साडू इतके ओशाळले की डब्यातली सगळी थालीपिठं त्या दोघांना देऊन मोकळे झाले. परतीच्या वाटेवर हमीदभाई हसता हसता डोळे पुसत होते. "मेंढरावाल्याला धरलंव तुमी, साहेब! मेंढरावाल्याला!" साडूही हसत होते. त्या दोघांना एकत्र इतकं हसताना मी तेव्हा शेवटचं पाहिलं.

सई बारावीत गेली त्या उन्हाळ्यात साडूंच्या कंपनीचं खाबुऱ्याजवळ एका इमारतीचं काम चालू होतं. कामगारांचा कॅम्प तिथेच, पत्र्याच्या खोल्यांचा. जूनच्या तोंडावर तिथला जनरेटर बिघडला आणि खोल्यांतले एसी बंद पडले. उद्या होईल, परवा होईल, इन्शाल्ला होईल, असं चाललं होतं. पत्र्यात राहणं अशक्य झालं तेव्हा पोरं ओले टॉवेल अंगावर घेऊन बाहेर रेतीत झोपू लागली. एक दिवस बिहारचा एक गवंडी कामावरच भोवळ येऊन पडला. साडू त्या दिवशी घरी आले ते टीव्ही न लावता आमच्याकडे आले. त्याच आठवड्यात ती इमारत बांधून घेणाऱ्या मालकाने नेमलेला इंग्रज सल्लागार कॅम्प तपासायला येणार होता.

"आता मी त्याला सोडत नाही," साडू म्हणाले. "इंग्रज! माझ्या समोर! कामगारांचे हक्क, सुरक्षितता, मोठमोठे शब्द घेऊन येईल. त्याला म्हणणार, तुझ्या देशात कुत्र्याला तरी अशा पत्र्यात ठेवशील का?"

भेटीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये त्याची तालीम झाली. इंग्रज मी. डोक्याला माझ्या बायकोची समुद्रावर घालायची टोपी. साडू येरझाऱ्या घालत माझ्यावर प्रश्न सोडत होते आणि मी उत्तर देताना डोकं खाजवलं तर "इंग्रज असं डोकं खाजवत नाहीत" म्हणून रागावत होते. आम्ही सगळे हसलो. पण खरं सांगतो, त्या संध्याकाळी ते फार सुंदर बोलले. त्या पोरांबद्दल बोलताना तर फारच. मला त्यांचा अभिमान वाटला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा आले आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिले. काय झालं ते त्यांनी मला त्यांच्याच तोंडाने सांगितलं, म्हणून मी इथे लिहू शकतो. हमीदभाईंनी त्याबद्दल माझ्याजवळ कधीच काही काढलं नाही.

इंग्रज साठीचा होता, मानेवर ओला रुमाल टाकलेला, उन्हाने लालेलाल. त्याने कॅम्प नीट पाहिला. पत्र्याला हात लावला आणि चटकन काढून घेतला. मग साडूंना बाजूला घेऊन म्हणाला, "हे भयंकर आहे. मी हे लिहू शकतो. पण कंपनीच्या इंजिनियरनेच मला हे सांगितलं, असं तुमच्या नावानिशी लिहावं लागेल."

"आणि माझं नाव नसेल तर?" साडूंनी विचारलं.

इंग्रजाने रुमालाने मान पुसली. "तर मला एकट्याला लिहावं लागेल. आणि खरं सांगू? आमच्या ऑफिसला पुढचं कामही तुमच्या मालकाच्याच ओळखीने हवं आहे. मी निवृत्तीला आलोय. तुम्ही बोललात तर मला बोलायला सोपं जाईल."

तेवढ्यात अर्बाबांचं बोलावणं आलं. अर्बाब म्हणजे कंपनीचे ओमानी मालक. ज्यांच्या नावावर आमच्यासारख्यांचा व्हिसा असतो ते. ते दुष्ट होते असं मला आजही म्हणता येणार नाही. ईदला सगळ्यांच्या घरी हलवा पाठवणारे, साडूंच्या आईच्या आजारपणात न मागता सुट्टी देणारे. फक्त आपल्याला कुणी काही ऐकवावं याची सवय त्यांना नव्हती, आणि ऐकवणारा माणूस फार दिवस त्यांच्याकडे टिकत नसे. मजलिशीत, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, गालिच्यावर सगळे बसले. अर्बाबांनी स्वतःच्या हाताने कावा, म्हणजे अरबी कॉफी, ओतला, खजूर पुढे केला. साडूंना सईबद्दल नाव घेऊन विचारलं. बारावीचं वर्ष, अभ्यास कसा चाललाय, काही काळजी करू नकोस, तिची परीक्षा होईपर्यंतच काय, पुढेही तुमच्या सगळ्यांच्या व्हिसाचं मी बघतो. मग इंग्रजाकडे एक नजर टाकून हसत विचारलं, "आणि कॅम्प कसा आहे, मुहंदिस?" मुहंदिस म्हणजे इंजिनियर.

"मी तयार होतो, साडूबुवा," साडू म्हणाले. "पहिलं वाक्य जिभेवर होतं. तोंड उघडलं, आणि मला ऐकू आलं, 'तमाम, अर्बाब.' सगळं छान आहे. माझाच आवाज."

पाण्याच्या बाटल्यांचा खोका घेऊन हमीदभाई तेव्हाच आत आले होते. त्यांनी खोका खाली ठेवला आणि सरळ उभे राहून म्हणाले, "तमाम नहीं है, अर्बाब. बच्चा लोग बाहर रेती में सोता है. एक गिर गया. उसको कुछ हो गया तो?"

अर्बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. "देखेगा," ते म्हणाले.

"आणि इंग्रज?" मी विचारलं.

"तो माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे. जुने मित्रराष्ट्र असल्यासारखे बघत होतो आम्ही एकमेकांकडे." एवढं बोलून साडू हसायला गेले. ते त्यांना जमलं नाही. माझ्या बायकोने पुढे ठेवलेला चहा गार झाला.

पुढचं सगळं अगदी सरळ घडलं. त्याच आठवड्यात नवा जनरेटर आला, एसी सुरू झाले. त्यानंतर इंग्रजाने कॅम्प समाधानकारक असल्याचं कळवलं, आणि तेव्हा ते खरंही होतं. पोरं आत झोपू लागली. आणि हमीदभाईंना ऑफिसात बोलावून सांगण्यात आलं की स्टोअरला आता माणूस नको आहे. व्हिसा रद्द. खलास.

साडूंनी अर्बाबांकडे शब्द टाकला का, असं मी त्यांना कधी विचारलं नाही. दोनदा ते त्यांच्या ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन आले, एवढं ताईंकडून कळलं.

हमीदभाईंना विमानतळावर सोडायला मी निघालो तेव्हा साडू खाली येऊन गाडीत मागच्या सीटवर बसले. मांडीवर खजुरांचा एवढा मोठा खोका की त्यांचं नुसतं डोकंच वर दिसत होतं. मी आरशातून बघत होतो, दोनतीनदा त्यांनी बोलायला तोंड उघडलं. हमीदभाई मात्र सगळा रस्ता बोलत होते. गावच्या घराला कौलं घालायची आहेत, खाडीत हल्ली मासळी कमी झाली आहे, धाकट्याचं लग्न यंदा उरकून घ्यायचं. उतरताना साडूंनी खोका पुढे केला. "हमीदभाई, मी..." "ह्यो सगला कुठे नेव मी?" हमीदभाई हसले, पण खोका घेतला. "खल्ली वल्ली, साहेब. जावदे. पोरीचा अभ्यास बघा." आणि ट्रॉली ढकलत आत गेले.

त्यानंतर वरचा आवाज बंद झाला, असं लिहिलं तर ते खोटं होईल. तो हळूहळू उतरत गेला. ताईंनी एक दिवस चीज आणलं, साडूंनी डबा उलटा न करता खाल्लं. पुढे शेजारी येमेनमध्ये युद्ध पेटलं. बॉम्ब टाकणाऱ्यांना बॉम्ब कोण पुरवतं हे सगळ्या जगाला ठाऊक होतं, आणि एका संध्याकाळी मी वर गेलो असताना टीव्हीवर एक गोरा मंत्री त्याबद्दलच्याच प्रश्नांना उत्तरं देत होता. परिस्थिती गुंतागुंतीची आहे, आमचे त्या देशाशी जुने संबंध आहेत, आम्ही चिंता व्यक्त केली आहे. मी साडूंकडे पाहिलं. पूर्वी अशा वाक्यावर खालच्या मजल्यापर्यंत हादरा बसला असता. ते त्या मंत्र्याच्या चेहऱ्याकडे फार वेळ बघत राहिले आणि हळू म्हणाले, "त्याच्याही घरी कुणाची तरी बारावी असेल."

मी हसलो. ते हसले नाहीत. "म्हणून ते बरोबर ठरतं असं नाही म्हणत मी," ते म्हणाले. "चूक ते चूकच. मरणारी माणसं मरतातच. फक्त आता ओरडायला लागलो की माझाच आवाज मला ऐकू येतो."

सई शिकून बंगळूरला नोकरीला लागली. साडूंनी आणखी काही वर्षं त्याच कंपनीत काढली. अर्बाबांनी त्यांना निरोपाच्या वेळी मिठी मारली, आणि आपलेही डोळे ओले झाले होते असं साडू मला म्हणाले. हे सांगताना त्यांना स्वतःचाच राग येत होता की काय, मला कळलं नाही. मग साडू आणि ताई लांज्याला परत गेले. वरच्या मजल्यावर आता एक शांत तमिळ कुटुंब राहतं. बातम्या मला स्वतः लावाव्या लागतात.

परवा, म्हणजे साडूंना लांज्याला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा, त्यांचा फोन आला. राजापूरला जाऊन आलो म्हणाले. वर्षभर जायचं जायचं म्हणत होते, शेवटी ताईंनी सकाळी कपडे काढून ठेवले आणि एसटीत बसवून दिलं. हमीदभाईंचं घर कौलांचं झालं आहे, दाढी आता मेंदी न लावता पांढरीच ठेवलेली. त्यांनी साडूंना ओसरीवर बसवलं, नातवंडांना हाका मारून दाखवलं, आणि रुस्ताकच्या मेंढरावाल्याची गोष्ट सगळ्या घराला पुन्हा सांगितली. जेवताना साडूंनी एकदाचा धीर केला.

"म्हटलं, हमीदभाई, त्या दिवशी मजलिशीत मी बोलायला हवं होतं. तुमच्या आधी मी बोलायला हवं होतं."

"मग? काय म्हणाले?"

फोनवर झाडूचा आवाज आला. मागे कुठेतरी त्यांच्या अंगणात कुणी पाचोळा झाडत होतं.

"त्यांना आधी कळेचना मी कशाबद्दल बोलतोय. मग हसले. म्हणाले, 'तेचा काय मनाला लावून बसलंव, साहेब? तुमी बोलाल असा मना कधी वाटलाच नव्हता.'"

मी म्हटलं, "अहो, तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील."

"तेच तर," साडू म्हणाले. "अगदी मनापासून, मला बरं वाटावं म्हणूनच म्हणाले. पाठीवर हातसुद्धा ठेवला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? म्हटलं, कालवण फार छान झालंय." मग म्हणाले, "खरंच छान झालं होतं हो."

मग त्यांनी मस्कतला उकाडा कितपत आहे ते विचारलं, मी सांगितलं. तिकडे आंबा यंदा कसा आहे ते मी विचारलं, त्यांनी सांगितलं. बोलायचं सगळं संपलं, तरी आम्ही दोघांनीही फोन ठेवला नाही.